सातव्या रविवारचा ठिपका

नववीच्या विज्ञानाच्या पेपरात शेवटचा प्रश्न आलेखाचा होता. तापवलेलं पाणी दर दोन मिनिटांनी किती अंश सेल्सिअसवर आलं याचे आकडे दिले होते; ते कागदावर मांडायचे, ठिपके जोडायचे, पाच गुण. प्रेमानंद सरांनी तो मुद्दाम सोपा घातला होता, कारण पोरांना नापास करणं त्यांच्या जिवावर यायचं. धाड गावातल्या भाड्याच्या खोलीत भर दुपारी पंख्याखाली बसून ते गठ्ठा तपासत होते. एकतिसाव्या उत्तरपत्रिकेला बांधलेला आलेखाचा कागद त्यांनी उलगडला आणि लाल पेन हातात तसंच राहिलं.

त्या कागदावर तापलेलं पाणी नव्हतं. आडव्या अक्षावर रविवार होते, एक ते दहा. उभ्या अक्षावर मीटर, वरून खाली, शून्य ते वीस. आणि एवढ्या मोठ्या कागदावर एकच ठिपका होता. सातवा रविवार, अठरा मीटर तीस सेंटीमीटर. ठिपक्याभोवती पेन्सिलीनं बारीक गोल केला होता. उत्तरपत्रिका समताची होती.

हा ठिपका कुठला, हे सरांना कुणी सांगायची गरज नव्हती. पाच महिन्यांपूर्वी तो त्यांनी स्वतःच्या हातानं पुसला होता.

झालं होतं ते असं. धाडहून सात किलोमीटर आत सरांची शाळा. दसऱ्याच्या सुट्टीनंतर त्यांनी नववीला सांगितलं, की प्रत्येकानं घराजवळची एक गोष्ट निवडायची, दहा रविवार मोजायची आणि आलेख काढायचा. मोजमाप मीटर, ग्रॅम आणि लिटरमध्येच. पोरं हसली, कारण गावात सगळं हातानं आणि वितीनं चालायचं. "हात कोणाचा? माझा का या प्रतीक्षाचा?" असं म्हणून सरांनी दोघांचे हात फळ्यावर खडूनं आखले, तेव्हा चार बोटांचा फरक निघाला. मग पोरांना पटलं. कुणी बकरीच्या पिलाचं वजन घेतलं, प्रतीक्षानं हरभऱ्याच्या रोपाची उंची घेतली. समतानं विहीर घेतली.

ती विहीर बौद्ध वस्तीची. समताचे आजोबा पुंजाजी विशीत होते तेव्हा त्यांनी चार गड्यांना घेऊन ती खोदली होती. गावच्या विहिरीवर वस्तीला तेव्हा कुणीतरी वरून पाणी वाढायचं आणि बायकांनी खाली घागर धरून उभं राहायचं. ते बंद करायचं म्हणून ही विहीर. पुंजाजींना खोली विचारली की ते एकच सांगत, अकरा परस. परस म्हणजे गड्यानं दोन्ही हात ताणले की जेवढं अंतर होतं तेवढं. सरांनी त्यांना वर्गात बोलावलं, भिंतीला टेकवून हात ताणायला लावले आणि टेप लावली. एकशे चौऱ्याहत्तर सेंटीमीटर भरलं. अकरानं गुणलं, एकोणीस मीटर चौदा सेंटीमीटर. दुसऱ्या दिवशी विहिरीत टेप सोडली तर ती तळाला टेकली एकोणीस मीटर दहा सेंटीमीटरवर. आख्ख्या विहिरीत चार सेंटीमीटरची तफावत. सर पंधरा दिवस जो भेटेल त्याला हे सांगत होते. पुंजाजी मात्र म्हणाले, "चार कमी काऊन भरले?" आणि ते थट्टेनं म्हणत नव्हते.

समताचे आईवडील पुण्याकडे कामाला, ती राहायची आजी-आजोबांकडे. दर रविवारी ती आणि प्रतीक्षा शाळेची तीस मीटरची टेप घेऊन विहिरीवर जायच्या. टेपेच्या टोकाला प्रयोगशाळेतलं लोखंडी वजन बांधलेलं. काठावर जिथे पाणी शेंदायचं चाक होतं, बरोबर त्याखाली टेप सोडायची. टेप पाण्याला लागते तो एक आकडा आणि तळाला टेकते तो दुसरा. दोन्हींमधला फरक म्हणजे पाणी. आलेखात तिनं आकडे वरून खाली घातले होते. विहीर खाली जाते तर आकडेही खालीच गेले पाहिजेत, असं तिचं म्हणणं. सरांना ते इतकं आवडलं, की तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला हाच आलेख पाठवायचं त्यांनी ठरवून टाकलं.

पाण्याची रेघ दर आठवड्याला थोडी थोडी उतरत होती. तळाची रेघ सरळ होती, एकोणीस दहा, एकोणीस दहा. सातव्या सोमवारी समता वही घेऊन आली. तळाच्या रकान्यात अठरा मीटर तीस लिहिलं होतं.

"हे काय?" सर म्हणाले.

"तेवढंच भरलं जी सर."

"वजन दगडावर टेकलं असेल. घाई केली तुम्ही."

"तीनदा मोजलं, सर. तिन्ही खेपा तेवढंच."

"ऐंशी सेंटीमीटर? अगं, विहिरीचा तळ कधी वर येतो का?"

वर्ग हसला. समताही कसंनुसं हसली. सरांनी आलेखाचा कागद पुढे ओढला. एका सेंटीमीटरला एक मीटर असं प्रमाण होतं, म्हणजे तिचा ठिपका तळाच्या रेघेच्या आठ बारीक घरं वर बसलेला. सरांनी खिशातून खोडरबर काढलं, तो पुसला आणि खाली रेघेवर नवा काढून दिला.

आता कुणी म्हणेल, यात काय एवढं. आपल्याकडे प्रयोगवहीची रीतच तशी आहे. उत्तर आधी ठाऊक असतं, आकडे मागून जमवायचे. प्रेमानंद सर स्वतः कॉलेजात असेच जमवत आले होते आणि त्यांच्या सरांनी त्यांना पैकीच्या पैकी दिले होते. शिवाय आदल्या वर्षी प्रदर्शनात परीक्षकांनी त्यांच्या शाळेच्या आलेखावर "आकड्यांत सातत्य नाही" असा शेरा मारला होता, तो त्यांना झोंबला होता. सगळं खरं. पण विहीर शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर होती. मधल्या सुट्टीत जाऊन टेप सोडून बघता आली असती. सर गेले नाहीत, आणि हे त्यांना कुणाच्याही माथी मारता येण्यासारखं नव्हतं.

पुढचे तीन रविवार समतानं पाण्याचा आकडा मोजून आणला आणि तळाचा न मोजता एकोणीस दहा लिहिला. डिसेंबरात आलेखाला तालुक्यात दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र लॅमिनेट करून पुंजाजींच्या भिंतीवर लागलं.

भीमजयंतीच्या आधी आठ दिवस वस्तीतले तरुण विहीर साफ करतात. मोटार लावून पाणी उपसतात, खाली उतरून गाळ काढतात, म्हणजे जयंतीच्या जेवणाला स्वच्छ पाणी. पहिला उतरतो तो पुंजाजींच्या घरचा माणूस, कारण विहीर त्यांनी खोदली. गेली पाच वर्षं तो मान संघपालचा होता. संघपाल पुंजाजींचा धाकटा मुलगा, धाड-बुलढाणा रस्त्यावर जीप चालवायचा, आणि रिकामी सीट असली की समताला पुढे बसवून फिरवून आणायचा. या वर्षीही तोच पहिला उतरला. पाणी गुडघ्याइतकं राहिलं होतं. चाकाखालची कपार, भिंतीतून पुढे आलेला दगडमातीचा थर, आतून सुटली आणि त्याच्यावर बसली. वर काढेपर्यंत तो गेला होता.

सर त्या दिवशी गर्दीत उभे होते. त्यांना सातवा रविवार कधी आठवला, असं विचाराल तर तिथेच, त्याच क्षणी. 'चाकाखालची कपार' असं कुणीतरी म्हणताना ऐकलं आणि आठवला. मग त्यांनी मनाला समजावलं, की त्याचा याच्याशी संबंध कशावरून. पंचनामा झाला, अपघात म्हणून नोंद झाली, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सर पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. समता आजीशेजारी खाली मान घालून बसली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तीन आठवडे त्यांनी असे काढले, आणि आता ती उत्तरपत्रिका त्यांच्या मांडीवर होती.

त्यांनी गठ्ठा बांधला आणि मोटारसायकल काढली.

शाळेत मुख्याध्यापक रंगराव सर निकालपत्रकं भरत बसले होते. प्रेमानंद सरांनी सगळं सांगितलं. रंगरावांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मिटलेलं प्रकरण उकरू नका," ते म्हणाले. "लोक तुम्हाला आपले सर म्हणतात. उद्या तोंड फिरवतील. आणि बोलून तो पोरगा परत येणार आहे का?"

"नाही येणार."

"मग?"

 प्रेमानंद सरांनी कपाट उघडलं, प्रदर्शनातून परत आलेला आलेख काढला आणि ते वस्तीकडे निघाले. विहिरीवर आता पत्रे टाकले होते. रस्त्यावर टँकर उभा होता, तिथे प्रतीक्षा हंडा लावून उभी होती. सरांच्या हातातली गुंडाळी तिनं ओळखली.

"समता बरी आहे का?" सरांनी विचारलं.

प्रतीक्षानं हंड्याकडे बघतच सांगितलं, "कोणाशीच बोलत नाही, सर. मले एकदाच म्हणाली. म्हणे, काका माझ्यापायी गेले. मी खोटा आकडा लिहिला."

सरांना वाटलं होतं, पोरीनं कागदावर आपल्याला जाब विचारलाय. ती तर स्वतःलाच धरून बसली होती.  स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुंजाजी ओसरीवर बाजेवर बसले होते. केसरबाई, त्यांची बायको, सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. आतल्या दाराशी समता भिंतीला टेकून बसलेली. भिंतीवर संघपालचा फोटो नव्यानं लागला होता आणि त्याच्याच शेजारी ते प्रमाणपत्र.

"जय भीम, बाबा."

"जय भीम. या सर, बसा. केसर, सरांले पाणी दे."

सरांनी पाणी घेतलं, पण बसले ते बाजेवर नाही, खाली जमिनीवर. गुंडाळी पुंजाजींच्या पुढ्यात उलगडली.

"मले आकडे येत नाहीत, सर."

"हे येईल तुम्हाला. ही आपली विहीरच आहे."

पुंजाजी वाकले. खोदकामानं वाकडी झालेली तर्जनी त्यांनी कागदाच्या वरच्या कडेला ठेवली.

"हा काठ?"

"हो. चाकाची जागा."

"अन् हे खाली, हा तळ."

"हो, बाबा. डावीकडून उजवीकडे एकेक रविवार."

बोट तळाच्या रेघेवरून हळूहळू सरकलं आणि सहाच्या पुढे थांबलं. "इथं कागद घासला हाये."

"तिथं मी रबरानं पुसलंय. समतानं ठिपका इथं काढला होता." सरांनी आठ घरं मोजून वर बोट ठेवलं. "त्या रविवारी तळ ऐंशी सेंटीमीटर वर भरला. म्हणजे तुमचा जवळजवळ अर्धा परस. तिनं तीनदा मोजलं होतं. मी म्हणालो, चुकलं तुझं. वर्गातली पोरं तिच्यावर हसली. आणि माझ्या हातानं पुसून टाकलं."

सुपातला आवाज थांबला. पुंजाजींनी त्या दोन बोटांमधली जागा नीट पाहिली. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "समते, चाकाखाली मोजलं होतं का?"

"हाव, आबा," आतून आवाज आला. "दर खेपेले चाकाखालीच."

"मंग कपार तवाच ढिली झाली होती." ते सरांशी बोलत होते, पण आवाज स्वतःशी बोलल्यासारखा होता. "तळ आपल्यानं कधी वर येत नाही, सर. वरचं खाली पडते तवा तळ वर येते. खालचा मुरूम निघून गेला, अन् वरची कपार लोंबत राह्यली. पाणी होतं तवर पाण्यानं तिले धरलं. पाणी उपसलं अन् ती बसली." ते थांबले. "पाच मिनटाचं काम होतं. मले कोणी येवढं दाखवलं असतं, त मी पोराले उतरू देलं नसतं."

पाच महिने तो कागद गावात, तालुक्यात, परीक्षकांसमोर फिरला होता. तो वाचता येणारा माणूस या बाजेवर बसून होता आणि त्याला तो कुणी दाखवला नव्हता.

समता दारात येऊन उभी राहिली होती. "मी आबाले सांगणार होती," ती म्हणाली. "मंग वाटलं, सर म्हणतात त चुकलंच असन. मंग मी तळ मोजलाच नाही."

"तुझं चुकलं नव्हतं," सर म्हणाले. "आकडा खरा होता. खोटा मी केला. तू लहान आहेस, मी सांगितलं ते तू ऐकलंस. यात तुझा काही दोष नाही, समता. माझा आहे."

समतानं विचारलं, "मंग तुमी काऊन पुसलं?"

वाटेत येताना सरांनी बरंच काही जुळवलं होतं. परीक्षकांचा शेरा, घाई, मोजमापातली त्रुटी, शाळेचं नाव. त्यातलं काही त्यांच्या तोंडून आलं नाही.

"रेघ सरळ यावी म्हणून," ते म्हणाले.

 समता तिथेच खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. काका गेल्यापासून ती रडली नव्हती, हे केसरबाईंनी नंतर शेजारणीला सांगितलं. पुंजाजींनी हात लांबवून तिच्या डोक्यावर ठेवला. केसरबाई उठल्या, भिंतीवरचं प्रमाणपत्र खिळ्यावरून काढलं, पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि सरांच्या हातात दिलं.

"हे न्या तुमचं."

सरांनी ते घेतलं. निघताना ते पुंजाजींच्या पायाला हात लावायला वाकले, तर पुंजाजींनी पाय बाजेवर वर घेतले.

"तुमच्यावर राग करू का नको, ते मले अजून समजत नाही," ते म्हणाले. "ते माझं मी पाहीन. पण त्या दिवशी वर्गात पोरं हिच्यावर हसली होती म्हणे. इथं सांगतलं, तसं तिथंबी सांगा."

एक मेला झेंडावंदन झालं आणि पोरं निकालासाठी वर्गात बसली. प्रेमानंद सरांनी आदल्या दिवशीच सगळी हकिगत एका कागदावर लिहून, खाली सही करून रंगराव सरांच्या टेबलावर ठेवली होती. रंगरावांनी ती न वाचताच पेपरवेटखाली सरकवली. तिचं पुढे काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, असं म्हणून सर बाहेर आले होते.

वर्गात समता आली होती, तिसऱ्या बाकावर, प्रतीक्षाशेजारी. सरांनी निकालपत्रकं बाजूला ठेवली आणि चौकटी आखलेला गुंडाळीचा फळा खिळ्याला टांगला. काहीएक न बोलता अक्ष काढले, वरून खाली मीटर लिहिले, तळाची सरळ रेघ काढली. मग पोरांकडे वळले.

"सातव्या रविवारी समतानं एक आकडा आणला होता," ते म्हणाले. "मी तो खोटा ठरवला. तुम्ही हसलात, कारण मी तुम्हाला हसवलं. तो आकडा खरा होता. तो मी पुसला नसता तर संघपाल आज जीप चालवत असता."   मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं.

"तुमच्या हातानं मोजलेला आकडा कुणाच्या सांगण्यावरून बदलायचा नाही. माझ्याही नाही. पटत नसेल तर जाऊन परत मोजायचा, आणि तेवढाच भरला तर ज्याला त्यातलं कळतं त्याला नेऊन दाखवायचा. हे मला तुम्हाला आधी शिकवायला हवं होतं."

ते फळ्याकडे वळले आणि सातव्या रविवारच्या रेघेवर खडू टेकवून ठिपका काढला.  त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकला आणि निकालपत्रकं घ्यायला टेबलाकडे गेले.

"सर."

समता उभी राहिली होती. आवाज बारीक होता, पण वर्गभर ऐकू आला.

"ठिपका खाली राह्यला. तुमी सहाच घरं घेतली. आठ पाहिजेत."

सर परत फळ्यापाशी गेले. खालपासून मोजलं. सहाच होती. त्यांनी तळहातानं ठिपका पुसला, आठ घरं मोजली, खडू टेकवला आणि मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

"आता बरोबर," समता म्हणाली, आणि खाली बसली.